दिवा लागला म्हणजे फोर बाय फोर लागलं असं नसतं (जुनी डिझेल गाडी, ११ महिने वापरून)

जानेवारीत घेतली, आता डिसेंबर. मीटरप्रमाणे साडेनऊ हजार किलोमीटर झालेत, खरे किती झालेत ते पुढे येईलच. गाडी २०१३ ची, शिडी चासीवरची, कॉमन रेल डिझेल, एमएच १२ चंच पासिंग, फोर बाय फोर म्हणजे गरज पडली की चारही चाकांना ताकद देणारी, आणि त्यासाठी पुढची चाकं त्यांच्या ॲक्सलला जोडणारे, व्हॅक्यूमवर लागणारे हब. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण कंपनीची यात काडीची चूक नाही, चूक माझी आणि माझ्याआधी ज्याने कोणी हात मारलाय त्याची. किंमत ५ लाख ४० हजार, साडेपाच म्हणत होता, दोन तास घासाघीस करून दहा हजार कमी केले आणि त्या दहा हजारांचं कौतुक मी पुढे सहा महिने सगळ्यांना सांगत होतो.

आधी मी काय काय तपासलं ते सांगतो, म्हणजे मी अगदीच बावळट नव्हतो हे कळेल. एजंटला आदल्या रात्री बजावलं होतं की सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही, गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवून बघितला, थंडगार. पहिल्या सेल्फला चालू झाली, जरासा पांढरा धूर आला आणि अर्ध्या मिनिटात गेला, म्हणजे ठीक. पांढरा थांबत नसेल तर इंजेक्टर किंवा कूलंट, निळा आला तर ऑइल जळतंय, रेस केल्यावर भसाभस काळा आला तर टर्बोच्या पाइपापासून ईजीआरपर्यंत (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काहीही असू शकतं. चालू इंजिनवर ऑइल टाकायचं झाकण उघडून उलटं ठेवलं, ते तिथंच बसून राहिलं, उडालं नाही, पिस्टन रिंग बऱ्या असल्याचं ते लक्षण. झाकणाखाली दुधाळ चिकटा नाही. कूलंट हिरवं, त्यावर तेलाचा तवंग नाही. पोपटासारखं सगळं बोलत होतो, एजंट मान डोलवत होता.

चासीखाली झोपून गंज बघितला. हे कराच, विशेषतः एमएच ०६, ०७, ०८ ची गाडी असेल तर, कारण किनाऱ्यावर वाळूत गाडी नाचवून खालून गोड्या पाण्याने न धुणारे लोक भरपूर आहेत आणि तो गंज वरून काळा रंग मारला की दिसत नाही, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकायचा. दिल्लीची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून भुलायचं नाही असंही ठरवलं होतं. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१५ मध्ये बंदीचा आदेश काढला म्हणून त्या इकडे यायला लागल्या, गाडी चांगली असेलही, पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई संपते. कागद बघितले, कर्जाचा बोजा उतरलेला, फॉर्म ३५ झालेला, चलान दोन निघाली ती त्याला भरायला लावली. टायर चारही नवेकोरे, बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तोही ताजा. तेव्हा वाटलं काय भला माणूस आहे, नवीन टायर टाकून देतोय.

आणि फोर बाय फोर? लिव्हर फोर एचला (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकला, डॅशबोर्डवर दिवा लागला. फोर एलला (चारही चाकं, हळू पण जास्त ताकद) टाकला, दुसरा दिवा लागला. झालं. संपलं चेकिंग. ज्या गोष्टीसाठी दीड लाख जास्त मोजले तिचं चेकिंग दोन दिव्यांवर.

जानेवारी ते जून माझं मत विचाराल तर फक्त प्रेम होतं. हायवेला ९० वर इंजिन इतकं शांत की बायको म्हणाली हे डिझेल वाटत नाही. खंबाटकी चढताना जरा मठ्ठ वाटायची, तिसऱ्यातच ओढायला लागायची, पण म्हटलं जुनी गाडी आहे, माणसासारखंच. मे महिन्यात कोल्हापूरला गेलो तर मॅप २३२ किलोमीटर म्हणत होता आणि मीटरवर पडले २०५. आता कुठल्याही शहाण्या माणसाने इथं थांबून विचार केला असता. मी म्हटलं हायवे रुंद केलाय, वळणं गेली असतील. सत्तावीस किलोमीटरची वळणं!

जुलैत, लावणीचे दिवस, वेल्ह्याच्या पुढे एका मित्राच्या जमिनीकडे निघालो होतो. शेवटचा पाव किलोमीटर कच्चा, बाजूला भातखाचरं, रात्रभर पाऊस पडून गेलेला. मोठ्या ऐटीत थांबून फोर एल टाकलं, दिवा लागला, आणि दहा फुटांवर मागची चाकं पोटापर्यंत गेली. रेस केली की अजून खाली. लावणीच्या बाया काम थांबवून बघायला लागल्या. ट्रॅक्टरवाला आला, त्याने दोर बांधायच्या आधी मला रेस करायला सांगितली, स्वतः वाकून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, पुढची चाकं फिरतच न्हाईत तुमची." पाचशे रुपये घेतले, पण अख्ख्या पुण्यात मला खरं निदान करून देणारा तो पहिला माणूस.

मग अधिकृत सर्व्हिस सेंटर. तपासणीचे ११८० रुपये जीएसटीसकट आधी घेतले, गाडी तीन दिवस ठेवली, आणि अंदाजपत्रक दिलं ८६ हजार अधिक जीएसटी, ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी) अख्खी बदलायची. मी विचारलं, अहो पण उघडून बघितली का? तर म्हणे उघडायची मजुरी वेगळी. तिथं माझा जो आवाज चढला तो रिसेप्शनवरच्या मुलीला उगाच ऐकावा लागला, तिची काही चूक नव्हती.

तिथून एका ओळखीच्या माणसाने धायरीच्या एका गॅरेजात पाठवलं. तिथले मामा साठीचे असतील, बोलणं कमी. त्यांनी पुढचं एक चाक जॅकवर उचललं, इंजिन बंद, फोर एच टाकलेलं, गाडी गिअरमध्ये, आणि मला म्हणाले फिरवा चाक. गरागरा फिरलं. "लागलं असतं तर हललं नसतं." दोन मिनिटांची तपासणी, जॅक गाडीतलाच. मग पुढच्या हबकडे जाणारी व्हॅक्यूमची रबरी नळी सोडली तर आत चक्क एक छोटा बोल्ट ठोकून बसवलेला. कोणीतरी मुद्दाम. दिवा लागतो तो ट्रान्सफर केसवरच्या स्विचमुळे, त्याला पुढे हब लागले का नाही हे कळतच नाही, त्यामुळे दिवा बिचारा खरंच बोलत होता.

बोल्ट काढला, नळी नवीन, तीनशे रुपये. ८६ हजार विरुद्ध ३००, मी त्या दिवशी हवेत होतो. त्याच संध्याकाळी सर्व्हिस सेंटरबद्दल आणि एकूणच लुटारूपणाबद्दल मोठा लेख लिहायला घेतला होता, बरं झालं पुरा केला नाही.

कारण मामा म्हणाले होते, "बोल्ट ठोकणाऱ्याला वेड नव्हतं लागलं, साहेब. जरा मुरमावर चालवून या." गेलो. मुरमाच्या मोकळ्या प्लॉटवर फोर एच टाकून सरळ निघालो, वळवलीसुद्धा नाही, आणि वीस-पंचवीस फुटांत गाडी अशी अडली की कोणी मागून धरलंय, मग धाडकन आवाज, पुढची चाकं मुरूम उकरत एकदम घसरली. लिव्हर टू एचला (फक्त मागची चाकं) येईना. थोडी रिव्हर्स घेतली तेव्हा सुटला. इथं माझा सगळा आनंद उतरला.

आता मुख्य मुद्दा, आणि हा मी भेटेल त्याला सांगत असतो, घरचे कंटाळलेत. डिफरन्शियल म्हणजे शाफ्टचं फिरणं दोन्ही चाकांना वाटणारी गिअरची पेटी, आणि दोन्ही चाकं एकदा फिरायला शाफ्ट किती फेरे घेतो ते तिचं रेशो. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं रेशो एकच लागतं. असल्या गाडीत मध्ये डिफरन्शियल नसतं, फोर एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधला जातो, दोघांनी सारखेच फेरे घ्यायचे. म्हणून तर कोरड्या डांबरावर फोर एच वापरायचं नाही, वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि तो फरक जायला जागा नसते. माझ्या गाडीत तर सरळ रस्त्यावरही भांडण होतं. मामांनी खडू घेतला. शाफ्टवर एक खूण, चाकावर एक खूण. मागचं एक चाक उचललेलं, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रल, हॅण्डब्रेक सोडलेला, जमिनीवरच्या चाकांना दगड. उचललेल्या चाकाला बरोबर दोन फेरे दिले (दुसरं चाक जागेवर, म्हणून एका चाकाचे दोन म्हणजे दोन्ही चाकांचा एक) आणि शाफ्टचे मोजले: पावणेचार. तसंच पुढे, लिव्हर टू एचला आणि हब लावून: सव्वाचार. परत मोजले, तेच. "ही गाडी पुढून एका गाडीची आन् मागून दुसऱ्या गाडीची."

म्हणजे आधी कधीतरी मागचा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी चक्रांची जोडी) गेला असणार, कोणीतरी टू व्हील ड्राइव्ह मॉडेलचा स्वस्तात मिळाला तो बसवला, फोर एच टाकलं की गाडी अडायला लागली, म्हणून नळीत बोल्ट. आणि मग माझ्या डोक्यात एकेक दिवा लागायला लागला, डॅशबोर्डवरचा नाही. मीटरचा सेन्सर या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आहे, तो शाफ्टचे फेरे मोजतो, चाकांचे नाही. म्हणून मीटर ६० म्हणायचा तेव्हा मॅप ६५ म्हणायचा, एरवी कुठलाही मीटर जास्तच दाखवतो, कमी नाही. म्हणून कोल्हापूर सत्तावीस किलोमीटर जवळ आलं. म्हणून इंजिन शांत आणि घाटात मठ्ठ. आणि घेताना जे ९२ हजार रनिंग होतं त्यातलेही किती खोटे देव जाणे, मीटरला हात न लावता मीटर मागे पाडायचा हा प्रकार मी पहिल्यांदाच बघितला.

एजंटला फोन केला. शांतपणे म्हणाला, "साहेब, घेताना दिवा लागला होता ना?"

नाना पेठेत दोन शनिवार घालवून जुळणाऱ्या रेशोचं मागचं डिफरन्शियल मिळालं, जुनंच, १९ हजार. दुकानातच दात मोजून घेतले, आता मी कोणावर विश्वास ठेवत नाही. मजुरी साडेसात हजार, ऑइल आणि सील १९००. दहा हजार कमी केल्याचं कौतुक बंद.

आता फोर एच लागतं. मुरमावर स्टिअरिंग पूर्ण तोडून हळू फिरवली की गाडी जड होते, अडखळते, आणि हे चांगलं लक्षण आहे. जुनी असली गाडी बघायला जाल तर मोकळ्या मातीत हे करून बघा, काहीच फरक जाणवला नाही तर पुढची चाकं झोपलेली आहेत. आणि खिशात खडू न्या, एजंट हसला तर हसू दे. सप्टेंबरमध्ये वेल्ह्याला त्याच जागेवरून गेलो, निघाली, अर्थात तेव्हा चिखल निम्माच होता म्हणून मी फार बोलत नाही.

पण खरं सांगायचं तर थोडी चिडचिड उरलीय. आधी मीटरप्रमाणे ११.५ ॲव्हरेज पडायचं, खऱ्या किलोमीटरने हिशोब केला तर ते १३ होतं. आता मीटर खरं बोलतो आणि ॲव्हरेज ११.८. म्हणजे २८ हजार ४०० खर्च करून मी लिटरमागे सव्वा किलोमीटर घालवले, ९० वर इंजिनचा आवाजही वाढला, आणि फोर बाय फोर मला वर्षातून चारदा लागतं. बायकोला हा हिशोब अजून सांगितलेला नाही. आरसी २०२८ ला संपतेय, मग फिटनेस आणि ग्रीन टॅक्स, तोपर्यंत तरी विकत नाही, आणि विकली तर खडूसकट विकेन.

सध्या मागच्या हाउसिंगच्या पिनियन सीलमधून थेंब थेंब गळतंय. मामा म्हणतात इतकं चालतं. मी पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा घालून ठेवतो आणि सोसायटीचे सेक्रेटरी तो रोज सकाळी उचलून कचऱ्यात टाकतात.