आईची स्पीच थेरपी : व्हिडिओवर की घरी?

आईला अल्झायमर आहे. शब्द सापडत नाहीत आणि चहा पिताना ठसका लागतो, म्हणून आधी चार महिने व्हिडिओवर थेरपी घेतली. आता सहा महिने थेरपिस्टबाई घरी येतात. दोन्ही वेळा भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, एवढं बघून घेतलं. तुम्हीही बघाच.

व्हिडिओला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पैसे निम्मेच लागले, पुण्याच्या ट्रॅफिकची कटकट नाही आणि वेळ आपल्या सोयीची. आई सकाळी दहाला टवटवीत असते, संध्याकाळ झाली की "मला घरी सोडा" सुरू होतं. घरी येणाऱ्या बाईंना मात्र साडेचारचीच वेळ मोकळी होती; सकाळची मिळायला दोन महिने थांबलो. शिवाय घरच्यांनी कसं बोलावं, हे आम्ही व्हिडिओवरच शिकलो. 'काय घेतेस?' असं मोघम न विचारता 'चहा की दूध?' विचारायचं, वगैरे. नाशिकहून भाऊही सामील व्हायचा.

पण एका गोष्टीनं जीव मेटाकुटीला आला. आईला उत्तर द्यायला वेळ लागतो, कधी दहा-बारा सेकंद. तेवढ्या शांततेत पलीकडच्या ताईंना कळायचं नाही की आजी आठवतायत की नेट अडकलंय. मग त्या विचारायच्या, "आजी, आवाज येतोय ना?" झालं! ओठावर आलेला शब्द गेला. आई माझ्याकडे बघून "हो हो" म्हणत कसनुसं हसायची. एकदा मोजलं, अर्ध्या तासात सात वेळा. ताईंची काहीच चूक नव्हती. नेट बदललं, इअरफोन आणले. ते आईनं पदराच्या गाठीत बांधून ठेवले.

बाई पहिल्या दिवशी आल्या, चित्रांची कार्डं पिशवीतच ठेवली आणि फडताळातला अडकित्ता आईच्या हातात दिला. मग गप्प बसल्या. मी मनात आकडे मोजत होतो. पंधराच्या पुढे गेल्यावर आई म्हणाली, "आप्पांचा." अडकित्ता हा शब्द आला नाही, पण तो आप्पांचाच होता.

गिळण्याचं म्हणाल तर मला तुलनाच पटत नाही. बाई गळ्याला बोटं लावून घोट कधी उतरतो ते बघतात. 10 मिलीच्या सिरिंजमधून ताक 10 सेकंद वाहू दिलं आणि किती उरलं त्यावरून, ठसका लागू नये म्हणून आईला पेय किती दाट द्यायचं ते त्यांनी ठरवलं. अर्थात, ठसका न लागताच श्वासनलिकेत जाणारा घोट घरीही निसटू शकतो. तशी शंका असेल तर हॉस्पिटलात तपासणी करावीच लागते.

आजार नुकताच सुरू झाला असेल, नातवंडांशी व्हिडिओवर बोलायची सवय असेल किंवा गावात थेरपिस्टच नसेल, तर व्हिडिओनं सुरुवात करायला हरकत नाही. फक्त पहिल्याच दिवशी सांगून ठेवा : नेट गेलं तर मी फोन करीन, तोवर तुम्ही थांबा. आम्हाला हे शेवटच्या आठवड्यात सुचलं.