पन्नास एकर गावाकडे, मालक मुंबईत: कोणतं यंत्र विकत घ्यावं, कोणतं भाड्यानं?

परळ, मुलुंड, बोरिवलीत राहणाऱ्या कितीतरी घरांची जमीन लातूर, धाराशिव, बीडकडे आहे. दोन-तीन भावांचे सातबारे जोडले की पन्नास एकरांचा काळा पट्टा होतो. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. गावात सांभाळायला एक भरवशाचा माणूस असतो आणि मालक लातूर एक्स्प्रेसनं अधूनमधून फेरी मारतो. अशा शेतीसाठी यंत्रांची निवड ही बांधावर राहणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा वेगळी ठरते. आमचं मत आधीच सांगतो: ट्रॅक्टर आणि पेरणी यंत्र स्वतःचं असू द्या, कापणी भाड्यानं करा. बाकी अवजारांचा हिशेब जागेवर बसून करता येतो.

कारण वाफसा, म्हणजे पावसानंतर जमीन पेरण्याजोगी ओलसर होते तो काळ. जूनमध्ये ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला की सोयाबीन पेरायची, ही शिफारस सगळ्यांनाच लागू, त्यामुळे सगळं गाव एकाच आठवड्यात पेरायला उभं राहतं. भारी काळ्या जमिनीत पाऊस उघडल्यावर वाफसा मिळतो तो तीन-चार दिवस. भाड्याचा ट्रॅक्टरवाला आधी स्वतःचं पेरतो, मग भावकीचं, मग गावात राहणाऱ्याचं. मुंबईहून फोन करणाऱ्याचा नंबर शेवटी लागतो, आणि तोवर पुढचा पाऊस येऊन आठवडा जातो. यात त्याची चूक काही नाही.

आकडे मांडून बघू

ट्रॅक्टर ८ लाखांचा, आयुष्य १० वर्षं आणि शेवटी १० टक्के किंमत येईल असं धरू. घसारा वर्षाला ७२,००० रुपये. सरासरी गुंतवणुकीवर १० टक्के व्याज ४४,०००. विमा, शेड वगैरे २ टक्क्यांनी १६,०००. म्हणजे ट्रॅक्टर जागचा हलला नाही तरी वर्षाला १,३२,००० रुपये लागतात.

आता पन्नास एकरांत काम किती? दोन वेळा कल्टिव्हेटर साधारण ५४ तास, एकदा रोटाव्हेटर ५० तास, दोन हंगामांची पेरणी ६६ तास, फवारणी-कोळपणी ४०, वाहतूक ४०. बेरीज २५० तास. तासाला ५ लिटर डिझेल आणि ९० रुपये लिटर धरलं तर डिझेलचे १,१२,५०० रुपये. दोन्ही मिळून तासाला सुमारे ९८० रुपये पडतात, चालकाचा पगार वेगळा.

गावातल्या एकरी दराशी हे ताडून बघा. बहुतेक ठिकाणी नुसत्या आकड्यांवर भाडं स्वस्त दिसेल, किंवा बरोबरी होईल. पंधरा-वीस एकरांना तर स्वतःचा ट्रॅक्टर परवडतच नाही, कर्ज काढून घेऊ नका. पन्नास एकरांना तो घ्यायचा तो वेळेवरच्या पेरणीसाठी. १५ जुलैनंतर पेरलेल्या सोयाबीनचं उत्पादन घटतं. एकरी एक क्विंटल जरी कमी झालं तरी पन्नास एकरांत पन्नास क्विंटल होतात. त्याला या वर्षीच्या लातूर बाजार समितीच्या भावानं गुणा आणि वरच्या १,३२,००० शी तुलना करा.

४५ एचपी टू-व्हील, ४९ एचपी फोर-व्हील की ५५?

पहिली रेष ५० एचपीवर ओढा. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हा धुराचा नियम लागू आहे. त्यामुळे त्यांत कॉमन रेल इंजिन, सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आले. इंजिन गुळगुळीत चालतं आणि जोर चांगला लागतो. पण डिझेलमध्ये पाणी आलं की इंजेक्टरचा खर्च मोठा बसतो, आणि बिघाड शोधायला कंपनीच्या माणसाचा लॅपटॉप लागतो. गावात बॅरलमधून डिझेल भरलं जात असेल आणि मालक पाचशे किलोमीटरवर असेल तर हा धोका खरा आहे. ५० च्या आतल्या ट्रॅक्टरचा साधा पंप तालुक्याचा मिस्त्री उघडतो.

५५ कधी घ्यावा? दर वर्षी पलटी नांगर चालवायचा असेल, सात फुटी रोटाव्हेटर हवा असेल, किंवा गावात भाड्यानं चालवून सहाशे-सातशे तास भरणार असतील तर. नुसत्या घरच्या पन्नास एकरांना त्याची गरज नाही.

टू-व्हील (जोर फक्त मागच्या चाकांना) की फोर-व्हील (जोर चारही चाकांना), इथे जमीन पाहून ठरवा. हलक्या-मध्यम जमिनीत ४५ चा टू-व्हील पुरतो. तो वळतो लवकर, पुढचा एक्सल साधा, देखभाल कमी. भारी काळ्या जमिनीत मात्र आमचा कौल ४९ च्या फोर-व्हीलला. पावसानंतर टू-व्हील जिथे चाकं फिरवत बसतो तिथे तो ओढ घेतो, म्हणजे पेरणीला अर्धा-एक दिवस लवकर सुरुवात होते. फोर-व्हीलचे दोन दोष लक्षात ठेवा. डांबरी रस्त्यावर पुढची चाकं जोडलेली ठेवली तर टायर आणि गिअर दोन्ही झिजतात. पुढचा टायर बदलताना दुसऱ्या मापाचा घातला तर पुढच्या-मागच्या चाकांचं प्रमाण बिघडून ट्रान्समिशनवर ताण येतो.

टू-व्हील आधीच घरात असेल तर तो विकण्याआधी एक चाचणी करा. मागच्या टायरला खडूनं खूण करा. अवजार उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती मीटर गेला ते मोजा, मग अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्या. आधी ४० मीटर आणि नंतर ३५ आलं तर घसरण १२.५ टक्के. १० ते १५ टक्के ठीक. २० च्या वर गेली तर मागच्या टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरा, चाकाला वजनं लावा आणि पुन्हा मोजा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

रोटाव्हेटर की नांगर?

रोटाव्हेटर एका फेरीत जमीन भुसभुशीत करतो म्हणून सगळ्यांना आवडतो. पण तो चार-पाच इंचच जातो आणि दर वर्षी त्याच खोलीवर पाती फिरली की खाली कडक थर बसतो. पाऊस जास्त झाला की त्या थरावर पाणी साचून सोयाबीन पिवळी पडते. म्हणून रोटाव्हेटर विकत घ्या, ४५-४९ एचपीला सहा फुटी बास झाला, आणि दर तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पलटी नांगर भाड्यानं फिरवा. नांगरटीला घाई नसते, मार्च ते मे कधीही होते, त्यामुळे तिथे भाड्याचा ट्रॅक्टर चालतो.

रोटाव्हेटर मोडतो तो जवळजवळ नेहमी चालकाच्या सवयीनं. पाती जमिनीत असताना वळवणं, किंवा पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागून अवजार फिरवणारी जोडणी) चालू ठेवून लिफ्ट पूर्ण उचलणं: दोन्हींत शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, तुटतो. शाफ्टच्या शिअर बोल्टच्या (झटका बसला की आधी तुटणाऱ्या बोल्टच्या) जागी कडक बोल्ट ठोकला की दगड लागल्यावर बोल्ट वाचतो आणि गिअरबॉक्स जातो. योग्य मापाचे दहा-बारा शिअर बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवून द्या. बाजूच्या बेअरिंगजवळ ठिबकच्या नळ्या, प्लॅस्टिक गुंडाळलं की ऑइल सील फाटतं, मग तेल जातं, मग बेअरिंग. इथे मुंबईत राहण्याचा एक फायदा आहे. मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग, सील, व्ही-बेल्ट नंबरवर मिळतात. गावाकडून जुन्या बेअरिंगच्या कडेवरच्या नंबराचा फोटो मागवा. सीलचा नंबर पुसला गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून घ्या.

पेरणी यंत्र: इथे घासाघीस करू नका

साध्या पेरणी यंत्रात खाचांचा रोलर बी ढकलतो. सोयाबीनचं टरफल नाजूक. रोलर आणि कप यांत दाणा चेंगरला की तो पेरला जातो पण उगवत नाही, आणि दोष बियाण्याच्या पिशवीला दिला जातो. तिरप्या तबकडीचं यंत्र दाणा खाचेत उचलून सोडतं, इजा कमी होते, दोन दाण्यांतलं अंतरही बरं राहतं. फरकाची किंमत देण्यासारखी आहे. तबकडी मात्र पिकाप्रमाणे बदलावी लागते. सोयाबीनची तबकडी हरभऱ्याला चालवू नका. हवेच्या दाबावरचं न्यूमॅटिक यंत्र आणखी नेमकं पेरतं, पण महाग आहे आणि ढेकळांत त्याचा फायदा उरत नाही.

पावसाचं पाणी तुंबणाऱ्या पट्ट्यांसाठी रुंद वरंबा-सरीचं, म्हणजे बीबीएफ यंत्र घ्या. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. बियाणंही साध्या पेरणीपेक्षा कमी लागतं. ते फसतं ते चालकाच्या रेघेमुळे: परतीच्या फेरीत चाक आधीच्या सरीत आलं नाही तर वरंबे लहान-मोठे होतात आणि पुढे कोळपणी, फवारणी सगळंच अडतं. चालक नवखा असेल तर पहिल्या वर्षी दहा एकरांवरच करा.

कोणतंही यंत्र असो, पेरणीआधी अंगणात मोजमाप झालंच पाहिजे, आणि मुंबईहून ते व्हिडिओ कॉलवर पाहता येतं. पाच ओळी, ४५ सेंटिमीटर अंतर, म्हणजे रुंदी २.२५ मीटर. यंत्राच्या चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल तर एका फेरीत १.२५७ मीटर जातं. यंत्र उचलून धरा, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा आणि चाक ५० वेळा फिरवा. हे क्षेत्र १४१ चौरस मीटर झालं. एकरी ३० किलो पेरायचं असेल तर सगळ्या पिशव्यांत मिळून १.०५ किलो, दर नळीला सुमारे २१० ग्रॅम बी यायला हवं. एका नळीत १५० आणि दुसरीत २७० आलं तर बेरीज जुळली तरी यंत्र नीट लागलेलं नाही. पिशवीतले दाणे तळहातावर घेऊन बघा: फुटलेले, साल सोललेले दिसले तर वेग किंवा रोलर तपासा. शेतात चाक थोडं घसरतं आणि बी किंचित कमी पडतं, म्हणून पहिल्या एकरानंतर चाडीतलं (बियाण्याच्या पेटीतलं) उरलेलं बी पुन्हा तोला.

खोली ३ ते ४ सेंटिमीटर. ५ च्या खाली गेलेलं सोयाबीन जोराच्या पावसानं वर पापडी धरली की बाहेर येत नाही. टॉप लिंक (यंत्राला ट्रॅक्टरशी वरून जोडणारा दांडा) एक-दोन फेरे जास्त आवळली तरी फण नाक खुपसतात, म्हणून दर फेरीला नाही तरी दर शेताला माती उकरून पट्टीनं मोजायला सांगा.

वाफसा आला का हे ठरवायला मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर पेरा. चेपून बसला तर थांबा, ट्रॅक्टर फोर-व्हील असला तरी.

कापणी भाड्यानंच

हार्वेस्टर तासाला दोन एकर सहज कापतो. दोन्ही पिकं मिळून तुमच्याकडे त्याला वर्षाला पन्नास तासांचंच काम. विकत घेण्याचा विचारही नको. हंगामात पंजाबकडची यंत्रं येतात, पण तुमच्या शेतावर यंत्र कसं लावायचं ते तुम्ही सांगायला हवं.

दव उडाल्यावर, सकाळी दहा-अकराच्या पुढे सुरू करा. दाण्यात १४ टक्के ओलावा असेल तर मळणीच्या ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५००, १३ टक्के असेल तर ३०० ते ४००. याच्या वर गेलं की दाणा फुटून डाळ पडते आणि घरचं बियाणं ठेवता येत नाही. घाईतला चालक गव्हाचीच सेटिंग ठेवतो. यंत्र गेल्यावर एक चौरस मीटर जागेतले पडलेले दाणे मोजा. शंभर दाण्यांचं वजन साडेअकरा ग्रॅम धरलं तर मीटरमागे ४० दाणे म्हणजे एकरी साडेअठरा किलो नुकसान. बरेच दाणे खालच्या शेंगांतले असतील तर कटर खाली घ्यायला सांगा. तो खाली घ्यायचा तर शेतात दगड आणि उंच वरंबे नकोत, हे पेरणीच्या वेळीच ठरतं.

परतीचा पाऊस झाला असेल तर चाकाचा हार्वेस्टर ओल्या रानात घालू नका. त्याच्या चाकोऱ्या हरभऱ्याच्या पेरणीला नडतात. बेल्टवाला मिळाला तर तो घ्या, नाहीतर मजूर लावून कापून मळणी यंत्रावर काढा. जनावरं असतील तर भुसकटही हाती लागतं. आत शिरण्याआधी यंत्र झाडून घ्यायला लावा, दुसऱ्याच्या तणाचं बी तुमच्या रानात सांडतं. हरभरा यंत्रानं कापायचा असेल तर फुले विक्रमसारखा उंच वाढणारा वाण आधीच पेरलेला हवा.

फवारणीचं थोडक्यात: बूम स्प्रेअर घेतला तर पेरतानाच चाकांसाठी ओळी मोकळ्या सोडा. ड्रोन भाड्यानं बरा, पण तणनाशक शेजारच्या रानात उडतं, तिथे तो वापरू नका.

कागद आणि वेळ

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशनमध्ये तोच लागलाय ना ते बघा. अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर, ज्याच्या नावे सातबारा त्याच्याच नावानं, फार्मर आयडीसह. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली तर अनुदान जातं. भावांपैकी एकाच्या नावे ट्रॅक्टर आणि दुसऱ्याच्या नावे अवजार असं करणार असाल तर ते अर्जाआधी ठरवा. नोंदणी गावच्या पत्त्यावर करा, म्हणजे पुढे विकताना सोपं जातं.

ताबा शक्यतो गुढीपाडव्याच्या सुमारास घ्या. एप्रिल-मेमध्ये रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर आणि वाहतुकीत पहिले पन्नास तास भरतात, पहिली सर्व्हिस होते आणि गळणारं सील किंवा सैल बोल्ट पेरणीआधी सापडतो. रोज संध्याकाळी अवर मीटरचा फोटो आणि भरलेलं डिझेल एवढंच व्हॉट्सॲपवर मागवा. तासाला ५ लिटरचा हिशेब अचानक ७ वर गेला तर आधी एअर फिल्टर उघडायला सांगा, मग टाकीच्या झाकणाला कुलूप लावा.