सी. टी. अनियन्सची 'शेक्सपियर ग्लॉसरी': सेकंडहँड घेतली, कामाची आहे, पण सगळ्यांसाठी नाही (४/५)

शेक्सपियरच्या जुन्या शब्दांचे अर्थ देणारा हा छोटा कोश मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून घेतला, पुस्तकवाला ३०० म्हणत होता, घासाघीस करून १८० ला दिला. पहिली आवृत्ती १९११ ची, ऑक्सफर्डची, माझ्याकडे आहे ते नंतरचं रीप्रिंट. पानं पिवळी, थोडी कसर लागलेली, बाइंडिंग ढिलं, घेताना उघडून बघा. आडनाव अनियन्स वाचून हसू येतं पण आपल्याकडे कांदे आडनाव असतंच की. माणूस भारी होता, मोठ्या ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या संपादकांपैकी एक.

मी दादरला बीएच्या पोरांना इंग्लिश शिकवते आणि माझा अनुभव असा की पोरं अवघड शब्दावर अडत नाहीत, तिथे मोबाइल निघतो, पोरं फसतात ती ओळखीच्या शब्दावर. 'ट्वेल्फ्थ नाइट'च्या शेवटच्या अंकात विदूषक पत्र उशिरा आणून देतो आणि वर म्हणतो की वेड्याची पत्रं म्हणजे काही बायबल नव्हे, ती कधी पोचली त्याने 'इट स्किल्स नॉट मच'. आता स्किल म्हटल्यावर पोरं बिनधास्त लिहितात की त्याच्या अंगात कौशल्य नाही. इथे स्किल म्हणजे फरक पडणं, बास. मोठ्या डिक्शनरीत बघितलं तर हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलाय, तिकडे त्याचा अर्थच भेद, फरक असा होता, म्हणजे कौशल्य नंतरचं.

अशा जागी ही ग्लॉसरी पैसे वसूल करून देते. 'बूट' घ्या. 'रिचर्ड दुसरा' नाटकात राजा मोब्रे या सरदाराला हद्दपार करतो, तो गळा काढतो तर राजा म्हणतो 'इट बूट्स दी नॉट', आता रडून उपयोग नाही. या बूटचा पायातल्या बुटाशी काही संबंध नाही, हा जुना शब्द फायदा या अर्थाचा, बेटरच्या नात्यातला. कवी मिल्टनच्या १६३७ च्या 'लिसिडस' कवितेतही 'व्हॉट बूट्स इट' आहे, एवढी मेहनत करून काय फायदा असं. म्हणजे बघा, स्किलमध्ये फरक पडत नाही आणि बूटमध्ये उपयोग नाही, गाइडवाले दोन्हीला एकच अर्थ लावून मोकळे होतात, मला ते अजिबात पटत नाही. तिसरा 'फोर्स'. 'लव्हज लेबर्स लॉस्ट'मध्ये राजकन्या राजाला सुनावते की एकदा शपथ मोडलीत, आता खोटी शपथ घ्यायला 'यू फोर्स नॉट', म्हणजे तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. जबरदस्ती वगैरे काही नाही तिथे. हाच शब्द दोनशे वर्षं आधी कवी चॉसरकडे 'नो फोर्स' असा येतो, काही बिघडत नाही या अर्थाने.

आता तक्रारी. शब्दावरून अर्थ मिळतो, अर्थावरून शब्द नाही. फरक पडत नाही हे शेक्सपियर किती प्रकारे म्हणतो असं शोधायचं असेल तर सगळे शब्द आधीच माहीत हवेत, मग पुस्तक कशाला! 'ऑल वन' सारखा दोन साध्या शब्दांचा वाक्प्रचार कुठे शोधायचा हाही प्रश्न पडतोच. ('ट्वेल्फ्थ नाइट'च्या शेवटच्या गाण्यात आहे तो, ते असो, नाटक संपलं, अशा सुरात.) टाइप बारीक, नाटकांची नावं तोडून छापलेली, लोकलमध्ये उभं राहून वाचायचं असेल तर विसरा.

दुसरं, हे फक्त शेक्सपियरपुरतं. चॉसरचा मंक, म्हणजे मठातला साधू, 'मठाबाहेरचा साधू म्हणजे पाण्याबाहेरचा मासा' हे वचन एका ऑयस्टरच्याही (कालवाच्याही) लायकीचं समजत नाही, इथे शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'तला खलनायक इयागो सद्गुणाला 'अ फिग', म्हणजे अंजीर, म्हणून उडवतो, म्हणजे खायच्या वस्तूवरून किंमत काढायची सवय बरीच जुनी, पण चॉसरसाठी वेगळं पुस्तक लागणार. आणि 'आय डोन्ट गिव्ह अ डॅम' (मला काही फरक पडत नाही) यातल्या 'डॅम'बद्दल कुणी सांगितलं की तो आपल्या दाम नाण्यावरून आला तर मान हलवू नका, १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने तसं सुचवलं होतं, ऑक्सफर्डवाल्यांनी ते फेटाळलंय.

आणि एक गोष्ट कुठल्याच ग्लॉसरीत मिळणार नाही. तलवारबाजीच्या आधी हॅम्लेट होरेशिओला सांगतो की काळजात काहीतरी वाईट होतंय, आणि लगेच, 'बट इट इज नो मॅटर'. शब्द सगळे सोपे, डिक्शनरी उघडायची गरजच नाही, पण तो खोटं बोलतोय हे मागचं पुढचं वाचल्याशिवाय कळत नाही. डिकन्सच्या 'डॉम्बी अँड सन'मधला टूट्स पण तसाच, सारखं 'इट्स ऑफ नो कॉन्सिक्वेन्स' म्हणत राहतो आणि नेमकं तेव्हाच त्याला जास्त लागलेलं असतं. वर्गात मी आधी हेच विचारते, की कोण म्हणतंय आणि त्याला खरंच फरक पडत नाहीये का, आणि मग पुस्तक उघडायला लावते.

एमएवाले, शिकवणारे, नाटकाचा अनुवाद करणारे यांनी घ्या. नुसता पेपर पास करायचा असेल तर नोट्सवालं एडिशन पुरेल. रॉबर्ट ईगलसनने सुधारलेली १९८६ ची आवृत्ती दिसली तर ती आधी उचला, आणि नुसतं चाळून बघायचं असेल तर जुन्या आवृत्तीचं स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे.