पझल बॉक्समधून लग्नाची मागणी: हिवाळा, उन्हाळा, पावसाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो कारण सगळे तेच विचारतात. हो म्हणाली, मे महिन्यात साखरपुडा झाला, तुळशीचं लग्न लागलं की आमचं. आता अंगठी ज्यात लपवून दिली त्या बॉक्सबद्दल बोलू, कारण तो अजून रोज हाताळला जातोय आणि त्यावर बोलण्यासारखं बरंच आहे.

बॉक्स जपानमधल्या हाकोनेचा, तिकडे हिमित्सु-बाको म्हणतात. चार सुन साईजचा, एक सुन म्हणजे साधारण ३ सेंमी, त्यामुळे लांबी १२ सेंमीच्या आसपास, आणि उघडायला १० स्टेप. मावसभाऊ तिकडे नोकरीला आहे, दिवाळीला येताना तो घेऊन आला आणि जाताना चकल्या-चिवडा घेऊन गेला, हिशोब मिटला. वरची नक्षी रंगवलेली नाही बरं का. वेगवेगळ्या नैसर्गिक रंगाच्या लाकडाच्या पट्ट्या एकत्र चिकटवून त्याचा ठोकळा करतात आणि रंध्याने त्याचे कागदासारखे पातळ काप काढून बॉक्सवर चिकटवतात. योसेगी म्हणतात ह्या कामाला, १९८४ साली जपान सरकारने पारंपरिक कला म्हणून मान्यता दिलीय. हे सांगतोय कारण तो थर खरंच पातळ असतो, नखाने किंवा अंगठीच्या खड्याने ओरखडा उठतो, आणि भेटवस्तू म्हणून वर सेलोटेप तर अजिबात लावू नका, काढताना नक्षी घेऊनच येईल.

चालतो कसा तर कुलूप नाही, किल्ली नाही. बाजूची एक फळी काही मिलिमीटर सरकते, ती सरकली की शेजारची मोकळी होते, ती सरकवली की परत पहिली अजून थोडी सरकते, असं डावी-उजवी करत करत शेवटी वरचं झाकण निघतं. नक्षीमुळे सांधा कुठे आहे ते डोळ्याला दिसतच नाही, बोटांनाच शोधावं लागतं. बंद करायला तेच सगळं उलट क्रमाने. आणि हो, आत स्टेपची चित्रं असलेला कागद येतो तो आधी काढून ठेवा, माझ्या एका मित्राने अंगठीसकट कागदही आतच ठेवायचा सल्ला दिला होता, त्याचं लग्न अजून ठरलेलं नाही.

सगळ्यात मोठी अडचण जागेची. बाहेरून बॉक्स ऐसपैस दिसतो पण भिंती दुहेरी असतात त्यामुळे आत जागा कमी. सराफाकडची मखमली डबी बसलीच नाही. नुसती अंगठी टाकली तर हलवल्यावर खुळखुळते आणि कुठलाही माणूस पझल हातात आलं की पहिलं ते कानाशी नेऊन हलवतोच. मी फोमच्या तुकड्याला चीर पाडून त्यात अंगठी रोवली, वर अजून एक तुकडा, आवाज बंद. अंगठीच्या मापाचं म्हणाल तर आपल्याकडचं सोपं आहे, आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजा आणि ४० वजा करा, म्हणजे घेर ५२ असेल तर १२ नंबर. तिची एक जुनी अंगठी तिच्या बहिणीने पळवून आणून दिली, बहिणीला फितवण्याचा खर्च वेगळा धरा.

जागा मी पुण्यातली वेताळ टेकडी ठरवली होती, आणि सूर्यास्त न धरता सकाळ धरली ते फार बरं झालं. संधिप्रकाशात ती नक्षी म्हणजे नुसता तपकिरी ठोकळा दिसतो. एआरएआय म्हणजे गाड्यांची चाचणी करणारी संस्था, तिच्या बाजूने वर गेलो, बसायला जागा बघितली, बॉक्स दिला. आता टेकडीवर सकाळी कोण असतं तर अख्खं कोथरूड. एक काका आमच्यासमोरून दोनदा गेले आणि तिसऱ्यांदा थांबून "उघडत नाहीये का? द्या इकडे" म्हणाले. मी "नको काका, तिलाच उघडायचंय" म्हणेपर्यंत त्यांच्या ग्रुपमधल्या काकूही आल्या. अर्धा तास असाच गेला. अर्ध्यावर ती अडकली, मला वाटलं आता मदत मागेल, पण तिने बॉक्स मांडीवर उलटा ठेवला, दोन्ही अंगठे दोन टोकांना लावून डोळे मिटून दाब देत गेली आणि फळी हलली. झाकण सरकलं, फोम काढला, अंगठी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली "थांब हं, एकदा परत बंद करून बघते." आणि खरंच बंद केला, अंगठीसकट. काकू म्हणाल्या "अगं आधी हो तरी म्हण!" मग हो म्हणाली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, समोरच्याला कोड्यांचा नाद असेल तरच हा उद्योग करा. आमच्याकडे रविवारच्या पेपरातलं शब्दकोडं कोण सोडवणार यावरून भांडणं होतात, तिला बॉक्स हा अर्ध्याहून जास्त आनंद होता. ज्याला नाद नाही त्याला लोकांसमोर अर्धा तास झुंजवणं म्हणजे परीक्षा घेणं, त्याच्यासाठी सहारनपूरकडचे शिसवी डबे मिळतात, एका फळीखाली किल्ली लपवलेली असते, मिनिटभरात उघडतात, पुरे. लेझरने कापलेले एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे बॉक्स मी आधी ट्राय केले होते, ऑनलाईन मागवलेल्याला जळका वास इतका होता की उघडल्यावर रोमान्स नाही, आगपेटी आठवेल. शिवाय एमडीएफच्या कडा ओल धरून फुगल्या की परत बसत नाहीत.

आता ऋतूंचं. जानेवारीत बॉक्स मख्खन चालायचा. एप्रिलमध्ये पुण्याच्या कोरड्या उन्हाने लाकूड आकसलं, फळ्या इतक्या सैल झाल्या की नुसता तिरका धरला तरी पहिली स्टेप आपोआप व्हायची. आणि जुलैत ठप्प. ओल धरली की लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे फळी खाचेत घट्ट बसते. आई खोबरेल तेलाची बाटली घेऊनच आली, तिला अक्षरशः हात धरून थांबवलं, कारण तेल लाकडात मुरतं आणि मग परत निघत नाही. हेअर ड्रायरपण नको, वरचा पातळ थर सुटू शकतो. मी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही दिवस ठेवला, मग निमूट उघडला. जोर मात्र लावायचा नाही, आतले खिटीसारखे तुकडे बारीक असतात, तुटले तर पुण्यात कोण दुरुस्त करणार? सांगायचा मुद्दा, पावसाळ्यात मागणी घालणार असाल तर बॉक्स आदल्या रात्रीपर्यंत डब्यात ठेवा, नाहीतर अंगठी आत, तुम्ही बाहेर आणि दसऱ्यापर्यंत उत्तर नाही.

तिच्या आजीला दाखवला तर आजींनी चष्मा लावून दोन फळ्या सरकवल्या आणि म्हणाल्या, "ह्यात काय एवढं, आमच्या वाड्यातल्या डेस्काला चोरकप्पा होता, ह्यांना शेवटपर्यंत सापडला नाही." त्यात काय ठेवायच्या ते मात्र सांगत नाहीत, आम्ही खूप विचारलं.

सध्या बॉक्समध्ये लॉकरची किल्ली असते, घाईत असलं की पश्चात्ताप होतो पण ती ऐकत नाही. पैसे वसूल का तर आमच्यापुरते नक्की, साडेचार स्टार, अर्धा जुलैसाठी कापला. आता तिला जास्त स्टेपवाला हवाय, मावसभावाला परस्पर मेसेजही गेलाय, आणि यावेळी आत काय ठेवायचं ते मी ठरवायचं आहे म्हणे.