कुल्लूत रावण जळत नाही

तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. "आधी नीट बघा, मग पेन्सिल टेकवा" हे पोरांना रोज सांगितलं आणि स्वतः मात्र न बघता 20,250 रुपये भरून बसले. आम्ही चौघी होतो, म्हणजे एकूण 81,000.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर फेसबुकवर एक पोस्टर दिसलं: 'शरदातला हिमालय, कला-संस्कृती सहल, नग्गर आणि कुल्लू'. नग्गर वाचलं आणि मी विरघळलेच. निकोलाय रोरिक हा रशियन चित्रकार 1928 पासून तिथे राहिला, 1947 मध्ये तिथेच गेला. त्याचं घर आता संग्रहालय आहे. त्याची सून म्हणजे आपल्या मालाडच्या बॉम्बे टॉकीजची देविकाराणी! त्याचे ते निळे-जांभळे डोंगर मी आयुष्यभर पुस्तकांतच बघितले. शिवाय एक दिवस शाली विणणाऱ्यांकडे, हातमागावर बसायचं. आमच्या पार्ल्याच्या भिशीतल्या तिघी लगेच तयार झाल्या.

पोस्टरवर खाली लिहिलं होतं, 'नवरात्राचे शेवटचे दिवस कुल्लू दसऱ्यात, विजयादशमीला भव्य रावणदहन, दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास'. ही ओळ मी वाचली होती. चौघींनीही वाचली होती.

फोनवरचा मुलगा शुद्ध मराठी बोलायचा, वाक्यावाक्याला "मावशी". ऑफिस बघायला येते म्हटलं तर, "ठाण्यात आहे मावशी, पण या पावसात कशाला धडपडता?" माझ्या गुडघ्यांची इतकी काळजी माझ्या मुलालाही नाही. माणशी 28,500, त्यातले निम्मे आधी. पैसे त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर मागितले, का तर कंपनीचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय. आम्ही दिले. आठवड्याने विमानाचं भाडं वाढलं म्हणून आणखी सहा-सहा हजार, तेही "आज रात्रीपर्यंतच". तिकीट आलं, चंदीगडचं. विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकला तर चौघींची नावं दिसली. मग शंका कसली घ्यायची? ते बुकिंग पैसे न भरता नुसतं धरून ठेवलेलं होतं आणि दोन दिवसांत आपोआप रद्द झालं, हे फार उशिरा कळलं.

सहलीसाठी नवी स्केचबुक आणली आणि काय काय काढायचं म्हणून कुल्लूच्या दसऱ्याबद्दल वाचायला बसले. तिथला दसरा आपला संपतो त्या दिवशी सुरू होतो! विजयादशमीला रघुनाथजींचा रथ ओढतात, गावोगावच्या देवता पालख्यांतून ढालपूर मैदानात येतात, मनालीची हडिंबा आल्याशिवाय सुरुवात होत नाही. सात दिवस मेळा. रावणाचा पुतळा जाळतच नाहीत. शेवटच्या दिवशी बियासच्या काठावर झुडपं पेटवतात, तेच लंकादहन. आणि आमची सहल मेळा सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी परत निघणार होती.

फोनवरच्या त्या मुलाला विचारलं. म्हणाला, "मावशी, ते जुनं झालं. आता रावणपण असतो."

तेव्हा पोटात गोळा आला. नग्गरच्या ज्या होमस्टेचे फोटो पोस्टरवर होते, त्याचा नंबर शोधून थेट फोन लावला. मालक हिंदीत म्हणाले, अशी कुठलीच बुकिंग नाही, आणि असा फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

मी फार आवाज चढवल्यावर त्या फोनवाल्या मुलाने "रिफंड" कबूल केला. आमच्यातल्या एकीला क्यूआर कोड पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. तिने टाकला, आणि आणखी 9,000 गेले. पैसे घेताना पिन लागतच नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. हे मला माझ्या सुनेने नंतर शिकवलं, जरा आवाज चढवूनच.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलीस ठाण्यातही गेलो. त्याच्या खात्यात 6,200 उरले होते, तेवढे गोठवले गेले. तिथल्या साहेबांनी एकच विचारलं, "पहिल्या दिवशीच का नाही आलात?" रिफंड मिळेल या आशेवर आम्ही अकरा दिवस घालवले होते. त्यातल्या पहिल्या काही तासांत 1930 फिरवला असता तर बरेच पैसे वाटेतच अडवता आले असते.

परवा बहिणीने एक पोस्टर पाठवलं, "जायचं का गं?" म्हणून. सहलीचं नाव नवीन, नंबर नवीन, होमस्टेचा फोटोही वेगळा. खाली लिहिलंय, विजयादशमीला ढालपूर मैदानावर भव्य रावणदहन.