बॅक बॉयलरचं वायरिंग आणि बनावट सर्टिफिकेट

इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींनी हे जरूर वाचावं. यॉर्कशरमधल्या आमच्या घरात गॅसचा बॉयलर आहे, शिवाय हॉलमधल्या लाकडाच्या स्टोव्हमागे बॅक बॉयलरही आहे, म्हणजे स्टोव्हच्या आगीवर रेडिएटरचं पाणी तापवणारी टाकी. दोन्ही मिळून सेंट्रल हीटिंगचं वायरिंग नव्याने करायचं काम आम्ही एका फिटरला दिलं. त्याने हेटासचं, म्हणजे लाकूड-कोळशाच्या स्टोव्हचं काम करणाऱ्यांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेचं, कार्ड दाखवलं. पैसे मात्र क्रेडिट कार्डाने नकोत, थेट बँकेतच भरा म्हणाला आणि निम्मे आगाऊ घेतले. काम झाल्यावर छापील सर्टिफिकेटही दिलं.

थंडी सुरू झाली आणि वेगळाच प्रकार दिसू लागला. खोली पुरेशी गरम झाली की पाइपांत धाडधाड ठोके पडायचे. फोन केला की उत्तर ठरलेलं, "हवा अडकलीय, जाईल आपोआप." एका संध्याकाळी सासूबाई जिन्यातून ओरडल्या, "अगं, माळ्यावर कुणी आधण ठेवलंय का?" वर जाऊन पाहते तर व्हेंट पाइपातून, म्हणजे फार तापलेल्या पाण्याला वाट देणाऱ्या पाइपातून, उकळतं पाणी प्लॅस्टिकच्या छोट्या टाकीत पडत होतं आणि टाकीचं झाकण मऊ पडून खचलं होतं. खाली धावत येऊन स्टोव्हची हवा बंद केली आणि विस्तव विझेपर्यंत सगळे बाहेर थांबलो.

गॅसचा बॉयलर थर्मोस्टॅटने सांगितलं की बंद होतो. पेटलेलं लाकूड तसं थांबत नाही, पाणी तापतच राहतं. म्हणून बॅक बॉयलरच्या पाइपावर वेगळा थर्मोस्टॅट लागतो. पाणी तापलं की खोलीतला थर्मोस्टॅट काहीही म्हणो, त्याने रेडिएटरकडे पाणी ढकलणारा पंप सुरू करायचा. पाणी फारच तापलं तर दुसरा, धोक्याचा थर्मोस्टॅट. आणि वीज गेली तरी उष्णतेला वाट मिळावी म्हणून एक रेडिएटर कायम उघडा हवा, त्याच्या वाटेत कुठलाही व्हॉल्व्ह चालत नाही.

नंतर बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने हे सगळं समजावलं आणि मग वायरिंगचा डबा उघडला. पंप फक्त खोलीच्या थर्मोस्टॅटवर जोडला होता! म्हणजे खोली गरम झाली की पंप बंद आणि स्टोव्ह मात्र धगधगता. बिलात दोन पाइप थर्मोस्टॅटचे पैसे लावले होते. एक पाइपाला स्प्रिंगने छान अडकवलेला दिसत होता. त्याची केबल फळीखाली गेली होती. फळी उचलली तर वीतभर पुढे ती कापून, टोकाला काळी टेप गुंडाळून सोडून दिलेली. दुसरा थर्मोस्टॅट घरात कुठेच नव्हता. कायम उघड्या हव्या त्या रेडिएटरलाही व्हॉल्व्ह बसवला होता. चुकून झालेलं काम असं लपवलेलं नसतं. हा माणूस धडधडीत खोटं बोलला, तेही आमच्या जिवाशी खेळून.

हेटासकडे चौकशी केली तर सर्टिफिकेटवरचा नंबर दुसऱ्याच कुणाचा निघाला. तेव्हा कार्डावर विसंबू नका, काम देण्याआधी नाव आणि नंबर त्यांच्या यादीत स्वतः तपासा. गॅसच्या कामासाठी गॅस सेफ रजिस्टर वेगळं आहे, तिथेही पाहा. क्रेडिट कार्डाने १०० पौंडांवरचा व्यवहार केला असेल तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते. तो थेट बँकेत पैसे का मागत होता, ते यावरून कळेल.

शेवटचा हप्ता देण्याआधी फिटरकडून तुमच्यासमोर चाचणी करून घ्या. खोलीचा थर्मोस्टॅट अगदी खाली करायचा, स्टोव्हमध्ये लहानसा विस्तव करायचा, पाइप तापल्यावर पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. फिटर टाळाटाळ करू लागला तर पैसे देऊ नका. डबा बंद होण्याआधी आतल्या जोडणीचे फोटोही काढून ठेवा.

आमच्या फिटरचा फोन आता लागत नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार गेली आहे, स्मॉल क्लेम्स म्हणजे छोट्या रकमेचा कोर्टातला दावा करण्याआधीची नोटीसही पाठवली आहे. कापलेली केबल आणि तो थर्मोस्टॅट पुरावा म्हणून जपून ठेवलाय.