सीट दोन बोटं वर, मांड्या जरा सुखात

डेंगीनंतर चार महिने सायकल भिंतीला टेकलेली. बरं वाटताच शहाणपणा न करता सोलापूरहून थेट तुळजापूर गाठलं, एका बाजूनं 45 किमी. परतीला तामलवाडीच्या आसपास मांड्या दगड झाल्या. झाडाखाली कडक भाकरी-शेंगाचटणी खाऊन कसाबसा घरी आलो, दोन दिवस जिना धरून उतरलो.

मग आमच्या पेठेतल्या जुन्या सायकल दुकानात गेलो. मिस्त्रीमामांनी सायकलीआधी मलाच तपासलं. "टाच पेडलवर ठेवा, पेडल पार खाली न्या. गुडघा वाकतोय की ओ!" सीट बसकी असली की सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि गुडघ्यावर येतो, म्हणाले. सीट दोन बोटं वर केली. आता टाचेनं पाय सरळ होतो, चवड्यानं किंचित वाकतो. "आन् जड गिअर वडू नका, हलक्यात भरभर फिरवा."

घेतले पन्नास रुपये. दीड तास ताटकळवलं मात्र, बसायला टायरचा ढीग. पुढच्या रविवारी हिप्परगा तलावापर्यंतच गेलो. पाय भरले, पण दगड नाही झाले. चार महिन्यांची सुट्टी काही पान्यानं भरून निघत नाही म्हणा. दुकानाला पाचपैकी चार.